घरची जागा

आकडे खोटं बोलत नाहीत, असं म्हणणारा माणूस भेटला की त्याला खैरटोल्याला नेऊन सोडावंसं वाटतं. आकडे खोटं बोलत नाहीत हे खरंच आहे, कारण ते मुळात बोलतच नाहीत. आपण त्यांच्या तोंडात जे कोंबतो तेच ते ओकतात, आणि वर आपणच टाळ्या वाजवतो.

मी डॉक्टर आहे, पण सर्दी-तापाची नाही. कोणत्या कामानं माणसाचं काय बिघडतं, किती जणांचं बिघडतं आणि किती वर्षांनी, हे शोधायचं माझं काम. माहेर वडशाचं, नाव संघप्रिया आणि स्वभाव तापट. यातलं तिसरं कुणाला सांगावं लागत नाही.

कुरखेड्याच्या पुढे जंगलाला लागून खैरटोला आहे आणि गावाच्या वर, टेकडीला खेटून, गिट्टीचा क्रशर. दगड भरडून खडी करायची, दिवसभर. पांढरी धूळ उडते ती माणसांवर बसते, गुरांवर बसते, मोहाच्या झाडांवर बसते. मालकाला शेजारी दुसरं मशीन लावायचं होतं. गावातून तक्रार गेली की या धुळीनं माणसांची छाती जाते, म्हणून जिल्ह्याच्या समितीनं मला पाठवलं. प्रश्न एकच होता. धुळीनं छाती बिघडते की नाही? बिघडत असेल तर दोन्ही मशीनला झाकण आणि पाण्याचे फवारे लावल्याशिवाय दगड फोडायचा नाही. बिघडत नसेल तर आहे तसं कोरडं चालू द्यायचं. उत्तर काहीही आलं तरी त्याखाली सही माझी.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात आम्ही यंत्र मांडलं. कामगारानं खोल श्वास घ्यायचा आणि नळीत जीव तोडून फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते यंत्र मोजतं. मग त्याच वयाच्या, त्याच उंचीच्या निरोगी माणसाची किती पडायला हवी ते काढतं आणि त्याच्याशी ताडून टक्के देतं. वय वाढतं तशी छाती थोडी उतरतेच, म्हणून वयाचा हिशेब धरावा लागतो. वय आम्ही क्रशरच्या ओळखपत्रावरून घेत होतो.

सगळ्यांचं फुंकून झालं त्या दुपारी प्रफुल लॅपटॉपसमोर बराच वेळ गप्प बसला. प्रफुल माझ्याबरोबरचा तंत्रज्ञ, आरमोरीचा. एरवी त्याचं तोंड बंद करायला मला चहा पाजावा लागतो.

"मॅडम, हे पाहा जी," तो म्हणाला. "उलटं येऊन राह्यलं."

मी पाहिलं. कामगारांचे दोन गट केले होते. एक, पाच वर्षांच्या आत लागलेल्यांचा. दुसरा, दहा वर्षांच्या वर काम केलेल्यांचा. धूळ वाईट असेल तर जास्त खाल्लेल्याची छाती जास्त बिघडायला हवी, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळेल. इथं नव्यांची छाती कमजोर आणि जुन्यांची ठणठणीत होती. धूळ नव्हे, जणू च्यवनप्राश.

"यंत्र बिघडलं असन," प्रफुल म्हणाला.

"सकाळीच तपासलंय ते. यंत्र बरोबर आहे."

"मग?"

मग काय, ते मला माहीत होतं, निदान तसं मला वाटलं. आमच्या धंद्यात ही जुनी फसगत आहे. ज्याला सोसत नाही तो काम सोडून घरी बसतो, सोसतं तो टिकतो. आपण जाऊन टिकलेल्यांनाच तपासतो आणि म्हणतो, पाहा, या कामानं कुणाचं काही बिघडत नाही. सुपात पाखडून उरलेल्या तांदळात कोंडा शोधायचा आणि मग सांगायचं की या धानाला कोंडा नव्हताच. तेव्हा प्रश्न असा होता की दहा वर्षांत किती जण काम सोडून गेले आणि ते आज कुठे आहेत.

तो प्रश्न मी क्रशरच्या मॅनेजरला विचारला. अजय त्याचं नाव. कपडे इस्त्रीचे, बोलणं गोड, चारच्या सुमारास समोसे घेऊन आला होता. माझा निकाल माझ्याआधी त्याच्याकडे कसा पोचला ते मी विचारलं नाही. गावात एकच चहाची टपरी आहे.

"एकही नाई, मॅडम," तो म्हणाला.

"एकही नाही म्हणजे?"

"दहा वर्षांत एक माणूस काम सोडून गेला नाई आमच्याइथून. तेव्हाची हजेरी पाहा, आजची पाहा. तेच नावं. नवे घेतले ते जास्तीचे घेतले." त्यानं फाईल पुढे सरकवली. "माणूस टिकते आमच्याइथी. घरच्यासारखं ठेवतो ना आम्ही."

मी नावं ताडून पाहिली. खरंच तीच होती.

"सुंठीवाचून खोकला गेला तुमचा," मी म्हणाले.

तो मनापासून हसला. "उद्या सकाळी येतो, मॅडम. सही करून ठेवा. परवा गडचिरोलीले बैठक आहे, नवं मशीन रस्त्यात आहे. उगाच लेट नको."

तो गेल्यावर मला स्वतःचाच राग आला. दगड फोडायच्या जागी दहा वर्षांत एकही माणूस गळत नाही? सरकारी कचेरीतूनसुद्धा माणसं निदान निवृत्त तरी होतात. काहीतरी सडलेलं होतं, वास येत होता, पण हाताला लागत नव्हतं. आणि वासावरून अहवाल लिहिता येत नाही. मी नुसती नाही म्हणाले असते तर समितीनं दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं. तेच आकडे, तीच हजेरी, आणि सही करायला मोकळा हात.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर, हाताला मोहफुलांचा वास. ती बरीच आधी आली असावी आणि अजय जायची वाट पाहत असावी.

"तुमीच छातीवाल्या मॅडम ना जी?"

"हो. बसा."

ती बसली नाही. "मी रुखमा. माह्या दिराले लय खोकला आहे. दोन रोज झाले, त्याले झोपताच येऊन नाई राह्यलं. घरी येऊन पाहान का?"

"क्रशरवर आहे का तो?"

"नाई," ती घाईनं म्हणाली. "तो घरीच राह्यते. आयुष नाव आहे त्याचं."

क्रशरवरचा नसेल तर माझ्या कामाचा नव्हता. पण ज्या माणसाला आडवं होता येत नाही, त्याला उद्या या म्हणणारी डॉक्टर मी नाही. पिशवी उचलली. दिवस बुडायच्या आत परत यायला हवं होतं. गेल्याच आठवड्यात नाल्याकाठी वाघानं गाय मारली होती आणि मोह वेचायलाही बाया घोळक्यानंच जात होत्या.

घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. आतल्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली खाटेवर एक माणूस, मांडीवर उशी घेऊन पुढे वाकून बसलेला. मी जयभीम म्हणाले. त्यानं हात वर केला. शब्दाला श्वास पुरला नाही.

"हा आयुष," रुखमा म्हणाली. "माहा दीर."

त्या दिराचे केस अर्धे पांढरे होते.

"वय किती?"

"पंचवीस," तिनंच सांगितलं, माझ्याकडे न बघता.

छाती तपासली. श्वास घेताना खांदे वर ओढले जात होते, मानेच्या शिरा ताठ होत होत्या. टीबीच्या गोळ्या दोनदा झाल्या आणि दोन्ही वेळा गुण आला नाही, असं रुखमा म्हणाली. मग खाटेखालून तिनं एक्स-रे काढला. मी तो दाराच्या उजेडात धरला. दोन्ही बाजूंना, वरच्या भागात, दाट बारीक ठिपके. असा एक्स-रे घरी बसून होत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं दगडाची धूळ खावी लागते.

"कोणत्या क्रशरवर होता हा?"

"मी सांगितलं ना जी. तो कुठीच जात नाई."

"रुखमाबाई, ही धूळ मोहाच्या झाडाखाली बसून छातीत जात नाही."

तो माणूस उशीवर कपाळ टेकून बसला होता. आणि त्याच वेळी अंगणात सायकल टेकवल्याचा आवाज आला, एक तरणा मुलगा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन आत आला, गमछा झटकणार एवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली आणि हात तिथंच थांबला.

त्याला मी ओळखत होते. आदल्या दिवशी हाच माझ्यासमोर बसून फुंकून गेला होता. ओळखपत्रावर फोटो घासून गेलेला, नाव श्रीहरी, वय बेचाळीस, क्रशरवर चौदा वर्षं. मी त्याला चिडवलंही होतं, "भाऊ, घरी कोणत्या चक्कीचा आटा खाता? बेचाळीसचे दिसत नाही." तो हसून खाली बघत राहिला होता.

"श्रीहरीभाऊ," मी त्याला म्हणाले.

उत्तर खाटेवरून आलं. "मी... मी श्रीहरी."

पुढे कुणाला काही लपवायचं उरलं नाही. रुखमा खाली बसली आणि सांगू लागली. श्रीहरी तिचा नवरा. क्रशरवर दहा वर्षं त्यानं काढली, मग चढण चढवेना, मग घमेलं उचलवेना. तेव्हा त्याच्या जागी धाकटा भाऊ आयुष जाऊ लागला, त्याच्याच नावानं, त्याच्याच ओळखपत्रावर. गेली चार वर्षं क्रशरवरचा श्रीहरी म्हणजे आयुष. आणि घरचं बिंग फुटू नये म्हणून परक्या माणसापुढे खाटेवरचा आजारी तो आयुष.

"असं काऊन केलं?" मलाही आता माहेरची बोली आली.

"जागा मोडू देत नाई आमच्याइथी," आयुष म्हणाला. "धानाच्या रोवण्याचा गुत्ता, ठेका घेतो तेव्हा नाई का, घरचा एक पडला का त्याच घरचा दुसरा चिखलात उभा राह्यते. तसंच हे. घरची जागा आहे. नवीन नावानं लागाले गेलं तर घेत नाई, आन घेतलं तर मजुरी नव्याची, पहिल्यापासून सारं."

"मुकादमाला माहीत आहे?"

"त्याचाच पुतण्या आपल्या बापाच्या नावावर आहे," रुखमा म्हणाली. "वरच्या टोल्यावर घरोघरी जा. कोणाचा भाऊ, कोणाचा भाचा. जुने सारे घरी बसून आहेत. काही तर बसूनही नाई राह्यले आता."

मला एकदम सगळं दिसलं, आणि दिसलं म्हणून बरं वाटलं नाही. दहा वर्षांत एकही माणूस गळला नाही, कारण गळलेला प्रत्येक जण कागदावर तसाच उभा होता आणि त्याच्या आत त्याच्या घरचा एक तरुण फुंकत होता. मी मोजलेली जुनी माणसं जुनी नव्हतीच. धूळ खाल्लेले घरात खाटेवर होते, आणि त्यांच्या नावाची ठणठणीत छाती माझ्या लॅपटॉपमध्ये.

"मॅडम," आयुष माझ्यासमोर उकिडवा बसला. "हे तुमी सांगान नाई ना कोठी?"

मी एक्स-रे रुखमाच्या हातात परत दिला.

"तुमी सांगान तर उद्या साऱ्याइले गेटबाहेर करतीन. खोट्या नावानं काम केलं म्हणून आमालेच धरतीन. मालकाचं काय जाते? त्याले दुसऱ्या गावचे मजूर भेटतीन. आमचं तेवढंच आहे."

"आणि मी नाही सांगितलं, तर नवं मशीन येईल. तेही कोरडं. दुप्पट धूळ."

"धूळ काय, खाऊनच राह्यलो," तो म्हणाला. "माही छाती तर चांगली आहे ना. तुमीच म्हणाल्या काल."

रुखमानं मान हलवली. "बाई, याची छाती चांगली आली, तेवढं एक बरं झालं. मी या घरी आली तेव्हा हा रांगत होता. माह्याच हातानं जेवला आहे. माणूस तर माहा गेल्यातच जमा आहे. पर हा धड आहे म्हणून घर चालू आहे. आमची जागा घेऊ नका जी."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधोमध मी, हातात मोबाइल घेऊन. राग आला होता, पण कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती आली नसती तर बरं झालं असतं असं क्षणभर वाटलं.

आयुषची छाती चांगली आली होती ती बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या मानानं.

यंत्राचे आकडे मोबाइलवर होते. त्यानं सोडलेली हवा तीच, उंची तीच. मी फक्त वयाच्या रकान्यातले बेचाळीस खोडून पंचवीस टाकले. काल ब्याण्णव टक्के होते. एकोणऐंशी झाले.

मी पुन्हा टाकून पाहिलं. एकोणऐंशीच.

"काय झालं?" रुखमानं विचारलं. माझा चेहरा तिनं वाचला होता.

"रुखमाबाई, दहावीच्या पोराला चौथीचा पेपर दिला तर तो पास होणारच. काल मी याला बेचाळीसचा पेपर दिला. त्यात हा पास झाला. आत्ता याचा खरा पेपर तपासला."

"मग? नापास?"

"काठावर आहे. थोडा खालीच. मी उद्या पुन्हा फुंकून बघेन, एका वेळच्या फुंकण्यावर शिक्का मारायचा नसतो. पण पंचवीसच्या पोराची छाती अशी नसते. तशी व्हायला काहीतरी कारण लागतं."

आयुष हसायचा प्रयत्न करत होता. "मले तर काही होत नाई. चढ चढताना थोडा दम लागते. तो तर साऱ्याइलेच लागते."

खाटेवरून श्रीहरी बोलला. शब्द सुटे सुटे येत होते. "मलेबी... तसंच लागे. चार वर्षांनी. मी म्हणलो... साऱ्याइले लागते."

माझ्या डोक्यात अख्खं कोष्टक उलटंपालटं होत होतं. जुन्या नावांच्या आड फुंकणारी पोरं चाळिशी-पन्नाशीच्या मापानं मोजली गेली म्हणून पहिलवान ठरली. नवे खरेच नवे होते, त्यांना स्वतःच्या वयाचं माप लागलं म्हणून ते कमजोर दिसले. सगळ्यांच्या छातीत तीच धूळ होती. माप बदललं की निकाल बदलत होता, आणि अजय समोसे वाटत होता.

"सही करान का?" रुखमानं विचारलं.

"नाही."

"मग कारण विचारतीन."

"विचारतील. आणि कारण म्हणजे तुमचं नाव. ते मी देणार नाही. तुम्ही मला आजारी माणूस दाखवायला आणलंत, तुमच्या घरातलं मी बाहेर नेणार नाही. मी एवढंच म्हणेन की आकडे चुकलेत. ते म्हणतील, दाखवा. मी दाखवू शकणार नाही. मग दुसरा कुणी येईल आणि सही करेल. जे आहे ते सांगते, रुखमाबाई. हे तुमच्या तोंडून आलं तरच टिकेल, आणि आलं तर जागा जाईल. नाही जाणार असं खोटं मी बोलणार नाही."

मला वाटलं होतं ती रडेल. ती उठली आणि श्रीहरीच्या पाठीमागे आणखी एक उशी लावली.

श्रीहरीला दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला सांगून, चिठ्ठी लिहून, मी निघाले. आयुष सोडायला आला. अंधारत होतं, हातात त्याची काठी. नाल्यापाशी तो एकदा खोकला.

"धूळ गेली घशात," तो म्हणाला.

नाल्याची वाट ओली होती, धूळ कुठंच नव्हती.

रात्री मला झोप लागली नाही हे सांगायला नको. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि ते सांगायचा अधिकार माझा नव्हता. एवढी शिकले, एवढी ठिकाणं तपासली, आणि सगळा निकाल एका बाईच्या ओठांवर अडकला होता. तिनं गप्प राहायचं ठरवलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. आजही देणार नाही.

सकाळी अजय वेळेच्या आधीच आला. बरोबर समोसे नव्हते, फाईल होती.

"सही नाही करत मी," मी म्हणाले.

"काऊन, मॅडम?" आवाज अजूनही गोडच होता.

"जुन्या कामगारांची वयं चुकली आहेत. निकाल धरता येत नाही. मी तसं समितीला कळवते."

"वयं ओळखपत्रावरची आहेत. तुमीच पाहून लिहिली."

"ओळखपत्रं बरोबर आहेत. माणसं तपासायला हवीत."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं सरकलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या वेळी पाहिलं. त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"कोणता माणूस?" तो म्हणाला. "नाव सांगा. एक नाव. कोणी खोट्या नावानं काम करत असन तर आजच गेटबाहेर करतो त्याले, पोलिसात देतो. सांगा ना."

प्रफुल माझ्याकडे बघत होता. मी प्रफुलकडे बघत होते. नाव माझ्या जिभेवर होतं आणि मी जीभ दातांखाली धरली होती.

"नाई ना नाव?" अजयनं पेन उघडून माझ्यासमोर ठेवलं. "मग करा सही. कायले उगाच जीव तापवता."

मी पेन बंद करून त्याच्याकडे परत सरकवलं. त्यानं ते उचललं नाही. आम्ही दोघंही त्या पेनाकडे बघत बसलो.

बाहेर मोटारसायकल थांबली. मी आधी लक्ष दिलं नाही. मग दारात आयुष दिसला, अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून, आणि त्याच्या खांद्यावर पूर्ण भार टाकून श्रीहरी. मागे रुखमा. दारापासून खुर्चीपर्यंत यायला त्यांना इतका वेळ लागला की मध्ये दोनदा थांबावं लागलं. कुणी मदतीला उठलं नाही, इतके सगळे थिजले होते. मग प्रफुल उठला.

श्रीहरी खुर्चीत बसला. प्रफुलला काय करावं कळेना, तेव्हा सवयीनं त्यानं विचारलं, "नाव?"

"श्रीहरी."

प्रफुलनं पडद्यावर पाहिलं. "हे नाव झालं आहे जी."

"ते खोडा," आयुष म्हणाला. "ते मी होतो. याचं आता घ्या, माहं मंग वेगळं घ्या."

अजय ताडकन उठला. "आयुष, तू उद्यापासून कामावर येऊ नको. कळलं? तुले काढलं."

"मले कसे काढान, साहेब?" आयुष म्हणाला. "माहं नाव तर तुमच्या हजेरीत नाईच."

मी श्रीहरीला नळी दिली. एकदाच, घाई न करता, जमेल तेवढं, असं सांगितलं. त्यानं नळी ओठात धरली, श्वास घेतला आणि फुंकलं. एवढीशी हवा आली, मग खोकला, मग खोकलाच. यंत्रानं लाल अक्षरं दाखवली. मी नळी काढून घेतली.

"मॅडम, हे धरत नाई मशीन," प्रफुल हळूच म्हणाला. "अपुरं आलं. नियमानं रद्द करा लागते."

आमच्याकडे तोच नियम आहे. नीट फुंकता आलं नाही तर ते मोजमाप काढून टाकायचं. म्हणजे ज्याची छाती सगळ्यात जास्त गेली, तोच हिशेबातून सगळ्यात आधी बाहेर.

"रद्द नको," मी म्हणाले. "लिही. श्रीहरी, वय बेचाळीस, क्रशरवर दहा वर्षं. फुंकता आलं नाही."

प्रफुल लिहू लागला. रुखमा आतापर्यंत भिंतीला टेकून उभी होती. ती अजयसमोर आली. तिनं आवाज चढवला नाही.

"साहेब, हा तुमचा श्रीहरी," ती म्हणाली. "चौदा वर्षांची हजेरी भरली आहे तुमी याची. एक खाडा नाई. न्या याले कामावर."

अजयनं श्रीहरीकडे पाहिलं, मग फाईलकडे, आणि फाईल उघडली नाही. बाहेर पायरीवर आणखी एक बाई तिच्या धापा टाकणाऱ्या माणसाला टेकवून बसली होती. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं. गुणाबाई तिचं नाव, ते नंतर कळलं.

आयुषनं भावाला आधार देऊन बाकावर नेलं, परत येऊन रिकाम्या खुर्चीत बसला आणि नळीसाठी हात पुढे केला.

"आता माहं घ्या," तो म्हणाला. "आयुष. वय पंचवीस लिहा."